जुन्या घरात स्मार्ट थर्मोस्टॅट बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, मिशिगन, शिकागोची जुनी उपनगरं. अमेरिकेच्या थंड भागात आपल्याकडच्या मंडळींनी घेतलेली घरं पुष्कळदा 1920 ते 1970 च्या दरम्यान बांधलेली असतात. शाळा चांगली, ट्रेन जवळ, आणि बेसमेंटमध्ये कुणी बसवला हे कुणालाच ठाऊक नसलेला बॉयलर. सेलमध्ये स्मार्ट थर्मोस्टॅट घेतला जातो, भिंतीवरचा जुना उघडला जातो, आत दोनच तारा दिसतात आणि मग आम्हाला फोटो येतो.

अशा फोटोंसोबत आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकाच अर्थाचे प्रश्न जोडून घेतले आहेत आणि जिथे दुसरं उत्तर वाचणं गरजेचं आहे तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. सगळी माहिती अमेरिकेतल्या घरांना धरून आहे. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांनी थेट 20 व्या प्रश्नावर जावं.

1. नवा थर्मोस्टॅट घेण्याआधी घरात काय तपासायचं?

आधी बेसमेंटमध्ये जा. थर्मोस्टॅट हे फक्त एक बटण आहे. खोली गार झाली की ते दोन तारा एकमेकींना जोडतं, आणि त्या जोडणीमुळे खाली काहीतरी सुरू होतं. ते 'काहीतरी' काय आहे यावर सगळं ठरतं, डब्यावरच्या चित्रावर नाही.

जमिनीत किंवा भिंतीत जाळ्या असतील आणि त्यांतून गरम हवा येत असेल, तर खाली फर्नेस आहे. लोखंडी रेडिएटर असतील तर बॉयलर आहे. रेडिएटरला एकच पाइप आणि बाजूला फुसफुसणारा छोटा व्हॉल्व्ह असेल तर ती वाफ, म्हणजे स्टीम (प्रश्न 9). दोन पाइप असतील आणि बॉयलरशेजारी पंप दिसत असेल तर बहुतेक गरम पाणी (प्रश्न 10). दोन पाइपांचं स्टीमही असतं, म्हणून बॉयलरला पाण्याची पातळी दाखवणारी उभी काचेची नळी आहे का तेही पाहा. ती असेल तर स्टीमच. भिंतीच्या तळाशी लांब धातूच्या पट्ट्या आहेत आणि बेसमेंटमध्ये बॉयलरच नाही, तर विजेचं हीटिंग (प्रश्न 7). जमिनीत बसवलेली एकच मोठी जाळी आणि खाली सतत जळणारी छोटी ज्योत (पायलट) असेल तर प्रश्न 8 वाचल्याशिवाय काही विकत घेऊ नका.

2. खरंच पैसे वाचतात का?

वाचतात, पण जाहिरातीत वाटतं तितके सगळ्यांचे नाही. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचं म्हणणं असं की रोज 8 तास तापमान 7 ते 10 अंश फॅरनहाइटने खाली ठेवलं, तर वर्षाच्या हीटिंग-कूलिंग खर्चात 10 टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते. एनर्जी स्टार हा सरकारचा ऊर्जाबचतीचा कार्यक्रम स्मार्ट थर्मोस्टॅटसाठी सरासरी 8 टक्के सांगतं.

आता तुमच्या घराचं पाहा. आई-बाबा आलेले आहेत, एक जण घरून काम करतो, मूल लहान आहे, म्हणजे दिवसभर कुणी ना कुणी घरात. मग तापमान खाली आणायचं कधी? फक्त रात्री. आणि ते काम तीस-चाळीस डॉलरचा साधा प्रोग्रॅमेबल थर्मोस्टॅटही करतो. स्मार्ट थर्मोस्टॅटचा खरा फायदा आमच्या मते दूर असताना होतो (प्रश्न 16). शिवाय 1930 च्या घरात खिडक्यांच्या फटी आणि पोटमाळ्यातलं अपुरं इन्सुलेशन यांतून जितकी उष्णता जाते, तिच्यापुढे कुठल्याही ॲपचं काही चालत नाही. वीज किंवा गॅस कंपनीकडून सवलत मिळते का ते मात्र जरूर बघा. मॅसॅच्युसेट्समध्ये मास सेव्ह आणि न्यू जर्सीत पीएसई अँड जी अशा सवलती देत आले आहेत. अटी बदलत असतात, म्हणून विकत घेण्याआधी वाचा.

3. जुना थर्मोस्टॅट काढण्याआधी काय करायचं?

वीज बंद. नुसता थर्मोस्टॅट 'ऑफ'वर ठेवून भागत नाही. ईशान्येकडच्या बऱ्याच घरांत बेसमेंटच्या जिन्यापाशी लाल पट्टीचा स्विच असतो, तो बंद करा आणि ब्रेकरही पाडा. एसीचा ब्रेकर वेगळा असेल तर तोही.

मग झाकण काढा आणि तारा न सोडवता फोटो घ्या. कोणती तार कोणत्या अक्षराच्या स्क्रूखाली आहे हे त्या फोटोत वाचता आलं पाहिजे. प्रत्येक तारेवर अक्षर लिहिलेली चिकटपट्टी लावा. सोडवलेल्या तारा पेन्सिलीला गुंडाळून ठेवा, कारण जुन्या घरात भिंत आतून पोकळ असते आणि आत घसरलेली तार पुन्हा बाहेर काढताना अख्खी संध्याकाळ जाते.

जुन्या थर्मोस्टॅटच्या आत काचेच्या कुपीत चकचकीत थेंब दिसला तर आधी प्रश्न 13.

4. तारांच्या रंगावरून जोडणी केली तर चालेल ना?

नाही. प्रथा अशी की लाल तार आर (वीज येते ती), पांढरी डब्ल्यू (हीटिंग), पिवळी वाय (एसी), हिरवी जी (पंखा), आणि निळी किंवा काळी सी (परतीची). पण 1958 मध्ये तारा ओढणाऱ्या माणसाकडे त्या दिवशी जी केबल होती तीच त्याने वापरली. जुन्या घरात लाल-पांढऱ्या जोडीत कधी कधी पांढरीच 'आर' निघते. अक्षरं पाहा, आणि जमल्यास दुसरं टोक खाली फर्नेसवर कुठे लागलंय तेही पाहा.

एक खास फसवणूक: ट्रेन (Trane) या फर्नेस-एसी बनवणाऱ्या कंपनीच्या काही जुन्या यंत्रांत 'बी' अक्षराला निळी तार असते आणि ती चक्क सी असते. नव्या थर्मोस्टॅटच्या ओ/बी (हीट पंपसाठीच्या) खाचेत ती घातली तर ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. तार खाली ट्रान्सफॉर्मरकडे जाते की बाहेरच्या यंत्राकडे, ते पाहून ठरवा.

5. सी-वायर म्हणजे काय, आणि आमच्याकडे ती नाही. आता?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा विस्ताराने.

खाली एक छोटा ट्रान्सफॉर्मर 24 व्होल्टची वीज देतो. त्याचं एक टोक आर, दुसरं सी. जुन्या थर्मोस्टॅटला स्वतःसाठी वीज लागतच नव्हती. तो आर आणि डब्ल्यू जोडायचा, संपलं. म्हणून भिंतीत दोनच तारा ओढल्या गेल्या. स्मार्ट थर्मोस्टॅटला पडदा आणि वायफाय चालवायला सतत वीज हवी, आणि सतत वीज म्हणजे जाणारी-येणारी दोन्ही टोकं. ते परतीचं टोक म्हणजे सी-वायर.

आधी हे पाहा: भिंतीतल्या केबलमध्ये न वापरलेली तार मागे मुडपून ठेवलेली असते का? पुष्कळदा असते. ती वर सी खाचेत लावा आणि खाली फर्नेसच्या बोर्डावरही सी या स्क्रूला लावा. नुसती वर लावून 'चालत नाही' असं लिहिणारे बरेच जण असतात.

तार नसेल तर मार्ग असे.

नवी केबल ओढणं हा सगळ्यात टिकाऊ उपाय. 18 गेजची पाच किंवा आठ तारांची थर्मोस्टॅट केबल घ्या. आठ घेतली तर पुढे हीट पंप (घर तापवणारं आणि गार करणारं एकच यंत्र) बसवताना भिंत पुन्हा उघडावी लागत नाही. जुनी केबल मोकळी असेल तर नवी तिच्या टोकाला बांधून खालून ओढता येते. पण जुन्या घरांत ती लाकडी खांबांना ठोकलेली असते, मग ती हलत नाही. जोर लावू नका, तुटते. भिंत फोडावी लागणार असेल तर लक्षात ठेवा की 1978 पूर्वीच्या घरात रंगात शिसं असू शकतं, आणि बेसमेंटमधल्या जुन्या पाइपांवरचं पांढरं, कापडासारखं आवरण ॲस्बेस्टॉसचं असू शकतं. त्या आवरणाला हात लावायचा नाही, घासायचं नाही, तोडायचं नाही.

चार तारा आहेत (आर, डब्ल्यू, वाय, जी) पण सी नाही, असं असेल तर अडॅप्टर बसवता येतो. काही थर्मोस्टॅटच्या डब्यातच तो येतो. इकोबी कंपनीच्या अनेक मॉडेलबरोबर येतो तसा. तो खाली फर्नेसच्या बोर्डाजवळ लागतो. अडॅप्टर नको असेल तर जी तारेला सी करता येतं आणि खाली वाय व जी यांच्यात एक छोटा तुकडा जोडला की एसीबरोबर पंखा फिरतो. मोबदल्यात नुसता पंखा वेगळा चालवायची सोय जाते. आमच्या पाहण्यात ती सोय वापरणारे थोडेच.

दोनच तारा असतील तर प्रश्न 6.

6. दोनच तारा आहेत, आणि डब्यावर 'सी-वायरची गरज नाही' असं लिहिलंय. मग अडचण काय?

असे थर्मोस्टॅट हीटिंगच्याच तारेतून थोडी थोडी वीज चोरून आपली बॅटरी भरतात. हीटिंग बंद असताना डब्ल्यूच्या वाटेने अगदी बारीक प्रवाह जातो, इतका बारीक की खालचा रिले (विजेने चालणारा स्विच) लागू नये. नव्या फर्नेसवर हे बहुतेक चालून जातं. जुन्यावर दोन गोष्टी होतात. एक, रिले नाजूक असेल तर तो त्या बारीक प्रवाहानेही टकटक करतो, किंवा बॉयलर मध्येच पेटून विझतो. दुसरी, कडाक्याच्या थंडीत हीटिंग तासन्‌तास चालू राहतं, तेवढ्यात चोरायला संधी मिळत नाही आणि बॅटरी उतरते. म्हणजे ज्या रात्री हवा त्याच रात्री थर्मोस्टॅट मान टाकतो.

उपाय दोन. दोन तारांवर चालणारा, खाली फर्नेसपाशी लागणारा कंपनीचा पॉवर अडॅप्टर. गूगल नेस्टचा असा आहे. किंवा भिंतीच्या प्लगमध्ये लागणारा 24 व्होल्ट एसी विजेचा (इथे एसी म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाह) स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर. दुसऱ्या उपायात दोन ट्रान्सफॉर्मर एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत. थर्मोस्टॅटला आरएच आणि आरसी (प्रश्न 12) अशा वेगळ्या खाचा असतील आणि पुस्तिकेत ही जोडणी दाखवलेली असेल तरच करा. अंदाजाने नको.

साधा उपायही आहे: पेन्सिल सेलवर चालणारा वायफाय नसलेला प्रोग्रॅमेबल थर्मोस्टॅट. दोन तारा, दोन सेल, काम झालं. तो कुणाला सुचवला की लोक जरा नाराज होतात, पण आम्ही सुचवतोच.

7. आमच्या तारा जाड आहेत आणि टोपीसारख्या नटांनी जोडलेल्या आहेत.

थांबा. ही 120 किंवा 240 व्होल्टची थेट लाइन आहे, विजेच्या बेसबोर्ड हीटरची. नेहमीचा 24 व्होल्टचा स्मार्ट थर्मोस्टॅट इथे लावला तर तो जळेल, आणि आग लागण्याचा धोकाही आहे. लाइन व्होल्टेजसाठी वेगळे स्मार्ट थर्मोस्टॅट मिळतात. मायसा आणि सिनोपे ही त्यातली दोन नावं. प्रत्येक खोलीचा थर्मोस्टॅट वेगळा असल्याने खर्च खोल्यांच्या संख्येने वाढतो. हे काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

8. कॅलिफोर्नियातल्या जुन्या घरात जमिनीतलं हीटर आहे. वीज गेली तरी ते चालतं! त्याला स्मार्ट थर्मोस्टॅट लागेल?

वीज गेल्यावर चालतं यातच उत्तर आहे. त्यात ट्रान्सफॉर्मर नाही. पायलटच्या ज्योतीत बसवलेली थर्मोपाइल नावाची कांडी स्वतः वीज तयार करते, तीही जेमतेम 750 मिलिव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टलाही कमी. तेवढ्यावर गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. या वायरींना 24 व्होल्ट लावले तर व्हॉल्व्ह खराब होतो, आणि त्यातून स्मार्ट थर्मोस्टॅट चालवायला वीज तर मिळणारच नाही.

पुस्तिकेत 'मिलिव्होल्टला चालेल' असं स्पष्ट लिहिलेला सेलवरचा थर्मोस्टॅट घ्या. वायफाय हवंच असेल तर मध्ये आयसोलेशन रिले (दोन बाजूंची वीज वेगळी ठेवणारा) आणि वेगळा ट्रान्सफॉर्मर लावून जमवता येतं, पण मग वीज गेली की तुमचं हीटरही गेलं. भूकंपाच्या प्रदेशात हा सौदा आम्ही करणार नाही.

9. एका पाइपचे स्टीम रेडिएटर आहेत. थर्मोस्टॅट बसला, पण घर कधी भट्टी तर कधी गारठा.

स्टीम मंद असते. बॉयलरला पाणी उकळायला वेळ, वाफ वर चढायला वेळ, आणि हीटिंग बंद झाल्यावरही लोखंड बराच वेळ गरम राहतं. फर्नेससाठी बनवलेला थर्मोस्टॅट तासात पाच वेळा चालू-बंद करतो. स्टीमला तासाला एक हे ठीक. गरम पाण्याच्या रेडिएटरला साधारण तीन. काही कंपन्यांच्या थर्मोस्टॅटमध्ये हा आकडा थेट टाकता येतो, काहींत 'रेडिएटर' असा प्रकार निवडावा लागतो, तर काहींत चालू व्हायचा फरक आणि किमान चालण्याचा वेळ वाढवावा लागतो. सेटिंग करताना घाईघाईने 'फोर्स्ड एअर'वर (म्हणजे फर्नेसच्या गरम हवेवर) बोट पडलेलं असतं, तिथेच गडबड होते.

रात्री तापमान फार खाली नेऊ नका. 3-4 अंश फॅरनहाइट पुरे. 10 अंश खाली नेलं तर सकाळी बॉयलर दीड-दोन तास सलग भडकतो, पाइप ठणठणतात, आणि जी बचत झाली ती तिथेच जाते.

एक खोली तापते आणि दुसरी नाही, हे थर्मोस्टॅटने सुटत नाही. रेडिएटरवरचे हवा सोडणारे व्हॉल्व्ह बदला, ते स्वस्त असतात. आणि बॉयलरवरचे दाबाचे व कमी पाण्याचे सुरक्षा स्विच कुणी 'थर्मोस्टॅटसाठी तार हवी' म्हणून बाजूला काढत असेल तर त्याला घरी पाठवा.

10. गरम पाण्याच्या बॉयलरला वरचा मजला आणि खालचा मजला असे दोन झोन आहेत. वरच्या थर्मोस्टॅटला तीन तारा आहेत पण त्यात एसी नाही. तिसरी तार सी समजू का?

समजू नका, आधी व्हॉल्व्ह पाहा. प्रत्येक झोनला एक झोन व्हॉल्व्ह असतो. बहुतेक व्हॉल्व्ह वीज मिळाली की उघडतात आणि वीज गेली की स्प्रिंगने मिटतात. त्यांना दोन तारा पुरतात. पण काही जुन्या व्हॉल्व्हना उघडायलाही वीज लागते आणि मिटायलाही. त्यांच्यासाठी थर्मोस्टॅटवर आर, डब्ल्यू, बी अशा तीन तारा येतात. इथे बी म्हणजे 'मिटा'. ती सी धरून जोडलीत तर व्हॉल्व्ह वेडावाकडा वागेल. एकतर मध्ये रिले बसवा, नाहीतर व्हॉल्व्हच बदलून घ्या. व्हॉल्व्ह तसाही म्हातारा झालेला असेल, तर आमचा कौल बदलण्याला.

दुसरी गोष्ट ताकदीची. टॅको कंपनीचे जुन्या पद्धतीचे झोन व्हॉल्व्ह प्रत्येकी सुमारे 0.9 अँपिअर घेतात. त्यांच्यासाठीचा नेहमीचा 40 व्हीए ट्रान्सफॉर्मर फार तर तीन व्हॉल्व्ह कसाबसा सांभाळतो. त्यावर दोन-तीन स्मार्ट थर्मोस्टॅट टांगले की ट्रान्सफॉर्मर तापतो. वेगळा ट्रान्सफॉर्मर किंवा झोन कंट्रोल पॅनल बसवणं बरं. नव्या पॅनलवर प्रत्येक झोनसाठी सी असतोच.

11. ऑइलवर चालणाऱ्या बॉयलरला 'टी' 'टी' असे दोन स्क्रू आहेत. सी कुठेच नाही.

नसणारच. ऑइल बर्नरच्या जुन्या कंट्रोल पेटीत तिची स्वतःची वीज असते आणि टी-टी हे दोन स्क्रू फक्त एकमेकांना जोडण्यासाठी असतात. बाहेरून आणलेली 24 व्होल्टची वीज त्यात सोडली तर पेटी जळते. सुरक्षित मार्ग म्हणजे आयसोलेशन रिले: नवा ट्रान्सफॉर्मर थर्मोस्टॅट आणि रिलेची गुंडाळी चालवतो, आणि रिलेचे कोरडे (स्वतःची वीज नसलेले) संपर्क टी-टीला जोडले जातात. ऑइल कंपनीचा माणूस दरवर्षी सर्व्हिसिंगला येतोच, त्यालाच सांगा.

12. हीटिंग जुनं, एसी नंतर पोटमाळ्यात बसवलेला. दोन लाल तारा आहेत.

एक आरएच (हीटिंगच्या ट्रान्सफॉर्मरची), एक आरसी (एसीच्या). त्या दोन खाचांना जोडणारी पट्टी जुन्या थर्मोस्टॅटवर होती की नाही ते फोटोत बघा. ती नव्हती तर नव्यावरही नको. काही स्मार्ट थर्मोस्टॅटना आर एकच असतो. तुमच्या घरासाठी ते नकोत. या घरात सी-वायर कोणत्या ट्रान्सफॉर्मरची आहे हेही महत्त्वाचं, आणि ते पुस्तिकेत आखून दिलेलं असतं.

13. जुना गोल, सोनेरी थर्मोस्टॅट काढला. कचऱ्यात टाकू?

टाकू नका. हनीवेलचा तो गोल थर्मोस्टॅट 1953 मध्ये बाजारात आला, हेन्री ड्रायफस यांनी तो घडवला, आणि अजूनही हजारो भिंतींवर चालू आहे. देखणी वस्तू आहे. पण त्याच्या काचेच्या कुपीत पारा असतो, साधारण 3 ते 4 ग्रॅम. थर्मोमीटरच्या मानाने पुष्कळच. न हलवता बंद डब्यात ठेवा. थर्मोस्टॅट रीसायकलिंग कॉर्पोरेशनच्या गोळा करण्याच्या पेट्या एचव्हीएसीचं (हीटिंग-एसीचं) सामान विकणाऱ्यांकडे असतात. गावाच्या घातक कचरा संकलनाच्या दिवशीही तो घेतात.

टाकण्याआधी आत एक छोटी पट्टी आणि 0.1 ते 1.2 असे आकडे दिसतील. ती पट्टी ज्या आकड्यावर आहे, साधारण तितके अँपिअर तुमचं हीटिंग त्या तारेतून घेतं. नवा थर्मोस्टॅट 1 अँपिअरपर्यंतचाच असेल आणि पट्टी 0.9 वर असेल तर सावध व्हा (प्रश्न 10).

14. जागा बदलावी का? आमचा थर्मोस्टॅट देवघराच्या वरच आहे.

दिवाळीत पाच दिवे आणि वर थर्मोस्टॅट, म्हणजे घर गार आणि पडद्यावर 74. स्वयंपाकघराच्या दाराशी असला तरी तेच होतं. आतली भिंत, जमिनीपासून सुमारे 5 फूट, ऊन, दार, जाळी आणि रेडिएटर यांपासून दूर ही त्याची जागा. तार हलवणं जड जात असेल तर वेगळा सेन्सर मिळणारं मॉडेल घ्या आणि सेन्सर झोपण्याच्या खोलीत ठेवा. दुमजली जुन्या घरात याचा उपयोग जागा बदलण्याइतकाच होतो.

जुन्या थर्मोस्टॅटमागे भिंतीला मोठं भोक असतं. त्यातून पोटमाळ्याची गार हवा थेट सेन्सरवर येते आणि हीटिंग थांबतच नाही. तारांभोवती पुट्टी भरा. फोम फवारू नका, पुढच्या वेळी तार निघणार नाही. लाकडी पट्ट्यांवर गिलावा केलेल्या भिंतीत स्क्रू हळू फिरवा, गिलाव्याचा पोपडा सुटतो. त्याच गिलाव्यामागे धातूची जाळी असेल तर वायफायही अडतं. बऱ्याच थर्मोस्टॅटना 2.4 गिगाहर्ट्‌झच लागतं, राउटरवर ते सुरू आहे ना ते पाहा.

15. सगळं जोडलं, पडदा काळाच.

खाली जाऊन फर्नेसचं झाकण नीट बसवलंय का बघा. झाकणामागे एक स्विच असतो, तो दाबला गेला नाही तर काहीच चालू होत नाही. मग बोर्डावरचा गाडीतल्यासारखा 3 किंवा 5 अँपिअरचा फ्यूज पाहा. तारा एकमेकींना लागल्या असतील तर तो उडालेला असतो. जुन्या यंत्रात फ्यूजच नसतो आणि थेट ट्रान्सफॉर्मर जळतो, म्हणून तर प्रश्न 3 मध्ये ब्रेकर पाडायला सांगितलं.

पडदा चालू आहे पण हीटिंग सुरू होत नाही, तर 24 व्होल्टचीच यंत्रणा असल्याची खात्री करून वीज बंद करा, थर्मोस्टॅट काढा, आर आणि डब्ल्यू एकमेकींना जोडा आणि वीज लावा. हीटिंग सुरू झालं तर तारा ठीक आहेत, दोष थर्मोस्टॅटमध्ये किंवा सेटिंगमध्ये. नाही झालं तर टेक्निशियन बोलवा.

16. डिसेंबरमध्ये महिनाभर भारतात जातो. हीटिंग बंद करून गेलो तर?

पाइप फुटतील. 55 अंश फॅरनहाइट (सुमारे 13 सेल्सिअस) याच्या खाली ठेवू नका, आणि बाहेरच्या भिंतीत पाइप असलेल्या जुन्या घरात 58-60 ठेवणं शहाणपणाचं. 'अवे' मोड स्वतःचा आकडा वापरतो, तो किती आहे ते निघण्याआधी उघडून बघा. शेड्यूल बंद करून 'होल्ड' लावा.

पाण्याचा मुख्य नळ बंद करून जाणं चांगलं, पण बॉयलर असेल तर आधी टेक्निशियनला विचारा, कारण बॉयलरला पाणी त्याच नळातून येतं. स्टीम बॉयलरचं पाणी आठवड्याला कुणीतरी पाहावं लागतं. शेजाऱ्याला किल्ली द्या.

आणि एक खास आपल्या लोकांची अडचण: ॲपमधून आपोआप बाहेर पडायला झालं की पुन्हा आत जायला ओटीपी अमेरिकेच्या नंबरवर जातो, आणि तुमच्या फोनमध्ये तर भारतातलं सिम. निघण्याआधी पडताळणी ईमेलवर किंवा ऑथेंटिकेटर ॲपवर घ्या, आणि इथे राहणाऱ्या एकाला ॲपमध्ये सदस्य करून ठेवा.

17. आई-बाबांना 68 म्हणजे थंडी वाजते. ते सारखं 76 करतात आणि घर लगेच तापत नाही म्हणून आणखी वाढवतात.

68 फॅरनहाइट म्हणजे 20 सेल्सिअस. पुण्यात जानेवारीच्या पहाटेही इतकं कमी घरात क्वचित असतं, तेव्हा त्यांचं चुकत नाही. आकडा वाढवल्याने फर्नेस जोरात चालत नाही, फक्त जास्त वेळ चालते, हे एकदा सांगून पाहा. पडदा सेल्सिअसवर केला तर त्यांना आकडे ओळखीचे वाटतात. थर्मोस्टॅटला कुलूप लावता येतं, पण आमचा सल्ला त्यांच्या खोलीत सेन्सर ठेवून दिवसा 71-72 ठेवण्याचा. महिन्याकाठी थोडे डॉलर जास्त जातील.

18. जुनी फर्नेस काढून हीट पंप बसवला. तोच थर्मोस्टॅट चालेल?

ओ/बी खाच आणि पूरक हीटिंगची सोय असेल तर चालेल. बहुतेक कंपन्या ओ वापरतात, रीम आणि रूड बी. उलटं निवडलं तर हीटिंग म्हटलं की गार हवा येते. सेटिंग बदलली की सुधारतं. रात्री तापमान फार खाली नेऊ नका, कारण सकाळी ते भरून काढायला विजेची महाग पूरक कॉइल लागते. भिंतीवरचे मिनी-स्प्लिट या तारांवर चालत नाहीत, त्यांना कंपनीचंच कंट्रोलर लागतं. खाली ए-बी-सी-डी किंवा 1-2-3-4 अशी अक्षरं-आकडे असतील तर ती कंपनीची खासगी भाषा बोलणारी यंत्रणा आहे. बाहेरचा थर्मोस्टॅट लावू नका.

19. इंटरनेट गेलं, किंवा कंपनीनेच पाठिंबा बंद केला तर?

इंटरनेट गेलं तरी भिंतीवर हाताने चालतो. पाठिंबा बंद होणं हा खरा प्रश्न. गूगलने नेस्टच्या पहिल्या दोन पिढ्यांचा पाठिंबा 25 ऑक्टोबर 2025 ला थांबवला. ते थर्मोस्टॅट भिंतीवरून चालतात, फोनवरून नाही. त्याआधी 2016 च्या जानेवारीत एका अपडेटमुळे नेस्टच्या बॅटऱ्या उतरल्या आणि ऐन थंडीत लोकांची घरं गार पडली होती. म्हणून जुना, चालू स्थितीतला साधा थर्मोस्टॅट फेकू नका (पाऱ्याचा सोडून). तारांच्या फोटोसकट बेसमेंटमध्ये ठेवा.

घर विकत घेतलं आणि आधीच्या मालकाचा स्मार्ट थर्मोस्टॅट भिंतीवर असेल, तर तो पहिल्याच दिवशी फॅक्टरी रीसेट करा. नाहीतर त्याच्या फोनवरून तुमचं घर अजून चालू-बंद करता येतं. भाड्याच्या घरात मालकाची लेखी परवानगी घ्या.

20. आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. हेच सगळं लागू आहे का?

नाही. तिथल्या जुन्या घरांत थर्मोस्टॅटच्या तारेत पुष्कळदा 230 व्होल्ट असतात, आणि थर्मोस्टॅटबरोबर वेळ ठरवणारा प्रोग्रॅमर व गरम पाण्याची टाकीही जोडलेली असते. तिथे विकले जाणारे स्मार्ट थर्मोस्टॅट वेगळे असतात. त्यांचा एक रिसीव्हर बॉयलरपाशी लागतो आणि भिंतीवरचा भाग त्याच्याशी बोलतो. सी-वायरचा प्रश्न तिथे येतच नाही. अमेरिकेतून भावाने पाठवलेला 24 व्होल्टचा थर्मोस्टॅट तिथे लावू नका. बॉयलरचं झाकण उघडायचं असेल तर गॅस सेफ (तिथल्या गॅस कारागिरांची अधिकृत यादी) नोंदणी असलेला माणूसच लागतो. आणि प्रत्येक रेडिएटरवर तापमानानुसार मिटणारे व्हॉल्व्ह असतील, तर ज्या खोलीत थर्मोस्टॅट आहे तिथला व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवा. नाहीतर तो व्हॉल्व्ह खोली तापूच देत नाही आणि बॉयलर दिवसभर चालू राहतो.